आखूड शेपटाचा एडक्टर

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (तुझ्या कंबरेला वाकता येत नाही, म्हणून दोघींच्या वतीने मीच वाकले). कंबर कशी आहे? भावोजी शेक देतात की नुसते सल्ले? इकडे आम्ही मायलेकी खुशाल आहोत, आणि हे वाक्य कालपासूनच खरं झालंय.

आमच्या कारखान्यात चिकटवायचा सरस शिजतो, त्या टाकीवरची घाणेरडी वाफ ओढायला माझा एडक्टर चालला नसता, तर माझी लांबच्या कारखान्यात बदली ठरलेलीच होती. आईला एकटी टाकून कशी जाणार होते मी? (एडक्टर म्हणजे ना पंखा, ना मोटर, नुसती नळी. बारीक तोंडातून दाबाची हवा सुटते, वाफेला सोबत ओढते, दोघी अरुंद गळ्यातून जातात आणि पुढे रुंदावत जाणाऱ्या शेपटातून धुराड्यात. भावोजींना वाचून दाखव, छान झोप लागेल.) तर हे शेपूट खोलीत मावेना. भिंत फोडायची परवानगी मागितली असती तर साहेबांनी समिती नेमली असती. म्हणून मी अतिशहाणपणा केला. शेपूट निम्म्यावर आणलं, शेवटचं तोंड मात्र तेवढंच रुंद ठेवलं. दिसायला अगदी टुमदार झालं गं.

चाचणीला साहेब पांढराशुभ्र शर्ट घालून टाकीशी उभे. मी झडप उघडली. एकदम फाकलेल्या शेपटात हवा भरकटली, धुराड्यापुढे तिचा जोर पुरेना, आणि सगळी वाफ उलटी फिरून साहेबांच्या अंगावर. डोळे पुसत ते म्हणाले, "बाई, हे ओढतंय की फुंकतंय?" माझ्या तोंडचं पाणी पळालं. घरी आई माझे कपडे बॅगेत भरायला बसली.

शेवटी हातापाया पडून भिंतीला भोक पाडून घेतलं. शेपूट पुन्हा लांब आणि हळूहळू रुंदावणारं केलं, बारीक तोंड गळ्याच्या जरा जवळ सरकवलं (फार मागे राहिलं की झोत गळ्याच्या काठावरच आपटतो). काल झडप उघडली आणि वाफ निमूट आत गेली, मागोमाग साहेबांचा हातरुमालही. ताई, मी तिथेच रडले गं. जीव भांड्यात पडला. आईने बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

तुझी,
धाकटी

ता. क. साहेब इतके खूश आहेत की लांबच्या कारखान्यातही असाच एडक्टर बसवायचं ठरलंय. बसवायला मीच जायचं. वर्षभर तरी.

आणखी एक ता. क. आईला अजून बोलले नाही. रविवारी ये, तिला तूच सांग आणि तुझ्याकडे घेऊन जा. ती आधी नाहीच म्हणेल. मी तेव्हा बाजारात असेन.