अर्ध्या बाथरूमची कडी

आई,

तुला एक खोली दाखवायची आहे. खोली म्हणजे काय, दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढीच जागा. आम्ही परळला नव्या घरी राहायला आलो आहोत, मुलगा, सून आणि मी. जिथे गिरणीचा भोंगा व्हायचा तिथे आता लिफ्टमधली बाई इंग्रजीत मजला सांगते. घरात दोन मोठ्या बाथरूम आहेत आणि हॉलच्या कडेला पाहुण्यांसाठी म्हणून एक लहानशी, नुसता कमोड आणि बेसिन असलेली. आंघोळीची सोय नाही. घर सजवून द्यायला जी मुलगी येत होती ती हिला 'पावडर रूम' म्हणायची. मी म्हटलं, बाई गं, पावडर मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून लावते, तेवढ्यासाठी वेगळी खोली कशाला? ती बिचारी हसली. मुलगा म्हणाला, "आई, ही खोली तुझी. तुला हवी तशी सजव. बाकीच्या घरात मात्र लुडबूड करायची नाही." त्याला वाटलं, म्हातारीला गुंतवून ठेवायला एक कोपरा दिला. त्याला काय ठाऊक त्यानं काय दिलं ते. मी तर तिला मनातल्या मनात केव्हाच जुन्या नावानं हाक मारायला लागले होते. अर्धी बाथरूम. बाबांनी ठेवलेलं नाव.

गिरगावची चाळ सोडून आपण दादरच्या ब्लॉकमध्ये आलो तो दिवस मला अजून दिसतो. तू सगळ्यात आधी स्वयंपाकघर पाहिलं नाहीस. पॅसेजमधलं ते अरुंद दार उघडलंस आणि तशीच उभी राहिलीस. आत संडास, वर लोखंडी टाकी, टाकीची लोंबती साखळी आणि कोपऱ्यात हात धुवायचं एक बेसिन. आंघोळ स्वयंपाकघरातल्या मोरीतच करायची होती, म्हणून बाबा मागून म्हणाले, "घर पूर्ण, पण बाथरूम अर्धीच मिळाली तुला." तू हसली नाहीस. दाराच्या बाहेरच्या अंगाला हात फिरवलास, मग आतल्या. बाहेरून कडी होती, आतून नव्हतीच. बांधणाऱ्याचा विसर म्हण किंवा काही म्हण. "अहो, ह्याला आतून कडी नाही," तू म्हणालीस. बाबा म्हणाले, "अगं, घरचीच तर माणसं. कोण येणार आहे आत?" तेव्हा तू त्यांच्याकडे असं काही पाहिलंस, की ते सामानाची ट्रंक उचलायच्या निमित्तानं खाली निघून गेले.

तुझं ते पाहणं मला फार उशिरा समजलं. चाळीत गॅलरीच्या टोकाला सगळ्या मजल्याचे मिळून संडास होते. सकाळी हातात टमरेल घेऊन रांगेत उभं राहायचं, पुढच्याशी बोलायचं, मागच्याला जागा धरायला सांगायची, आणि कोण किती वेळ आत बसलं ते अख्ख्या मजल्याला ठाऊक. खोलीतल्या मोरीला तुझ्या जुन्या लुगड्याचा पडदा. तुझी आंघोळ चालू असली तरी कुणी ना कुणी बाहेरून बोलतच असायचं, "वहिनी, विरजण आहे का हो?" आणि तूही अंगावर पाणी घेता घेता सांगायचीस, "फळीवर आहे, घ्या." लग्न होऊन आल्यापासून तू एका बंद दारामागे कधी निवांत एकटी उभी राहिली नव्हतीस. मला वाटतं, तुला संडासाचं एवढं काही नव्हतंच. तुला कडी हवी होती.

ती आणायला तू मला घेऊन ट्रामनं तांबाकाट्याच्या तांब्यापितळेच्या बाजारात गेलीस. दुकानदार लोखंडी दाखवत होता, तू पितळीवर अडून बसलीस. तो म्हणाला, "बाई, कुठल्या दाराला लावायची?" तू सांगेनास. शेवटी म्हणालीस, "आतल्या." मग सुतार आला, कडी बसली, आणि तुझ्या अंगात कसलं वारं शिरलं कोण जाणे. चुन्यात चिमूटभर नीळ घालून तू स्वतः भिंती रंगवल्यास. शेजारी एक इमारत उठत होती, तिथून रंगीत लाद्यांचे फुटके तुकडे ओटीत भरून आणलेस आणि बेसिनभोवती सिमेंटमध्ये एकेक दाबून बसवलेस. हाताची सालं निघाली, तरी कुणाला हात लावू देईनास. देवादिकांचं चित्र तिथे लावता येणार नाही म्हणून बाबांच्या कचेरीतल्या कॅलेंडरवरचा तळ्याचा देखावा कापून चिकटवलास. कोपरा उडालेला आरसा, बसायला मेणकापड चढवलेलं लाकडी खोकं, आणि दारावर तू गिरगावात असताना ओवलेलं, कुठे लावायचं म्हणून ट्रंकेत पडून राहिलेलं मण्यांचं तोरण. उंबऱ्याशी रोज चार ठिपक्यांची का होईना, रांगोळी. बाबा म्हणायचे, "आत जायची सुद्धा लाज वाटते, हातपाय धुऊन जावं लागतं." तू म्हणायचीस, "मग धुवा."

चैत्रातलं ते हळदीकुंकू आठवलं की मी आजही एकटीच हसते. गिरगावच्या सगळ्या बायकांना तू बोलावलंस. गौर मांडलेली, कलिंगडाची कमळं कापलेली, आंब्याची डाळ, पन्हं. मी दारात उभी राहून गुलाबपाणी शिंपडत होते. चाळीतल्या आपल्या मजल्यावरच्या त्या कोकणातल्या मामी सगळ्यांच्या आधी आत आल्या. पॅसेजमध्ये त्यांना मण्यांचं तोरण दिसलं, रांगोळी दिसली, दाराच्या फटीतून निळसर भिंत दिसली. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला, वाकून उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून हात जोडले. "देव इथे मांडलेस होय गो? बरं केलंस. जागा शांत आहे." तू तोंडाला पदर लावलास, आणि मी मात्र शिंग फुंकल्यासारखी ओरडले, "मामी, तो संडास आहे!" मग जो हशा उसळला! मामी स्वतः भिंतीला टेकून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी, आणि म्हणत होत्या, "मेल्यांनो, सांगायचं नाही का आधी? मी ह्यांच्या बढतीचं मागणं घातलं की हो!"

पण त्यानंतर जे झालं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही वाटत नाही आणि तरी जात नाही मनातून. हसून झाल्यावर मामी म्हणाल्या, "बघू तरी आत जाऊन." त्या आत गेल्या आणि कडी लावल्याचा आवाज आला. खट्. बराच वेळ काही नाही. साखळी ओढल्याचा आवाज नाही, नळाचा नाही. मग त्या बाहेर आल्या आणि खाली सतरंजीवर जाऊन बसल्या. मग दुसरी उठली. मग तिसरी. एकीमागून एक त्या सगळ्या आत जाऊन कडी लावून आल्या, आणि बाहेर येताना प्रत्येकीचा चेहरा थोडा धुतल्यासारखा दिसत होता. तू पन्ह्याचे पेले भरत होतीस. वर पाहत नव्हतीस, पण तुला सगळं कळत होतं.

मला मात्र ती कडी आवडायची नाही, आई. खरं सांगते, मी तिचा राग राग करायचे. चाळीत तू सदा हाताशी होतीस, पडदा ओढला की सापडायचीस. इथे दुपारची भांडी आटोपली की तू आत जायचीस आणि खट्. मी बाहेर दाराला पाठ लावून बसायचे. "आई, काय करतेस?" "काही नाही." "मग ये ना." "आले." आणि तू यायची नाहीस. आत तू काय करत होतीस, ते मला आजही ठाऊक नाही. खोक्यावर बसून तळं बघत असशील. आता माझं वय तुझ्या कितीतरी पुढे गेलं आहे, आणि तरी त्या दाराबाहेर बसलेली मी तेवढीच आहे.

एकदाच तू मला आत घेतलंस. पुढच्या थंडीत सगळी मुंबई पेटली होती. बाबा रोज जेवताना ताटावर बोट आपटत म्हणायचे, "मुंबईसह झालाच पाहिजे," आणि तू म्हणायचीस, "आधी भात संपवा." त्या दिवशी ते कचेरीतून मोर्चाला गेले आणि परत आलेच नाहीत. गोळीबार झाला म्हणून कळलं, मग कर्फ्यू लागला, ट्रामही बंद. दुसऱ्या दिवशी सकाळपासून इमारतीतल्या बायका आपल्या घरी येऊन बसल्या. चांगल्या होत्या, चहा करत होत्या, तुला धीर देत होत्या. पण प्रत्येकीचे डोळे तुझ्या चेहऱ्यावर. एक म्हणाली, "रडू नका हो, कुंकवाच्या बाईनं असं भरल्या घरात डोळ्यांतून पाणी काढू नये, अपशकुन असतो." तू मान हलवलीस. डोळे अगदी कोरडे ठेवून तू गव्हातले खडे वेचत होतीस, आणि ते गहू आदल्याच दिवशी निवडून झालेले होते. मग तू उठलीस, माझा हात धरलास आणि पॅसेजमध्ये आलीस. मला वाटलं, मला नेहमीसारखं बाहेर बसवणार. तर तू मला आत ओढलंस आणि म्हणालीस, "लाव, तू लाव कडी."

मी टाचा उंचावून ती लावली. तू बेसिनचा नळ सोडलास, खोक्यावर बसलीस, मला मांडीवर घेतलंस आणि रडलीस. केवढी रडलीस आई! माझे केस भिजले. मी घाबरले नव्हते, हे मला पक्कं आठवतं. बाबांचं काय झालं असेल हे मनात होतंच, पण त्याच्याहून मोठं काहीतरी तेव्हा होतं: मी आत होते. दाराच्या या बाजूला. बेसिनभोवतीच्या लाद्यांतला एक जांभळा तुकडा मी बोटानं गिरवत होते. मग तू तोंड धुतलंस, आरशात पाहून कुंकू नीट केलंस, माझंही तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "हे आपल्या दोघींतच हं." बाहेर येऊन तू बायकांना विचारलंस, "पोहे करू का सगळ्यांना?" दुपारी कर्फ्यू उठला तेव्हा बाबा चालत आले. रात्र त्यांनी गिरगावात, मामींच्याच खोलीत काढली होती. पायात एकच चप्पल. आल्या आल्या ते म्हणाले, "अर्ध्या बाथरूममध्ये पाणी आहे ना?" आणि सगळ्या हसल्या. तूही.

तर आता या नव्या घराचं. मी निळसर टाइल्स निवडल्या. बेसिनभोवती फुटक्या लाद्यांचे तुकडे बसवून घेतले. ती सजावटीवाली मुलगी म्हणाली, आजी, ही तर एकदम फॅशन आहे. तळ्याचं चित्र मिळालं नाही, सुनेनं फोनवरून कुठलंसं काढून फ्रेम करून आणलं, बरं आहे. सगळं हौसेनं झालं, आणि मग मी शिवणाच्या डब्यातून तुझी पितळी कडी काढली. दादरचा ब्लॉक सोडताना मी ती उचकटून आणली होती. मुलगा म्हणाला, "ही नाही." मी म्हटलं, का? तर म्हणे, "आई, मागच्या वर्षी चक्कर येऊन पडलीस. आत कडी लावून पडलीस तर आम्ही काय दार फोडायचं? बाहेरून उघडणारं लॉक बसवू." सून समजूत घालू लागली, "आई, तुम्ही दार नुसतं लोटून घ्या ना. घरचीच तर माणसं. कोण येणार आहे आत?" झालं! बाबांचंच वाक्य, शब्दाला शब्द, आणि हिनं तर बाबांना पाहिलेलंही नाही. माझं डोकंच फिरलं. आतून लावता येत नसेल तर ते दार नव्हे, नुसता आडोसा झाला, माझ्या आईनं आडोशातच अर्धा जन्म काढला, असं काय काय मी बोलले. आठवडाभर अबोला धरला. मुलाला घास गिळवेना, एवढं मात्र मी बघत होते.

रविवारी तो उठला आणि कुणाला न सांगता स्वतःच कडी बसवायला लागला. त्याला असली कामं जमत नाहीत, दोन स्क्रू वाकडे गेले आहेत. झाल्यावर म्हणाला, "जा, लावून बघ." मी आत गेले, दार लोटलं. तो बाहेर उभा. "बसली का आई?" मी म्हटलं, "बसली." कडीचा खट् आवाज आला नाही हे त्याच्या लक्षात आलं नसावं, कारण तेवढ्यात मी नळ सोडला होता.

आता दुपार आहे. मी कमोडचं झाकण लावून त्यावर बसले आहे आणि हे मांडीवर वही ठेवून लिहिते आहे. हे कागद कुठे जाणार नाहीत. कडीबरोबर शिवणाच्या डब्यात राहिले असते, पण कडी आता दाराला आहे. मुलगा दारावरून जाता-येता खोकतो, मी आतून "आहे रे" म्हणते. त्याला वाटतं, आई कडी लावून बसली आहे. एवढी भांडून मिळवली, लावत नसेन असं कुणाला वाटेल? पण तुला म्हणून सांगते, ती मी अजून एकदाही लावलेली नाही. हात जातो आणि तिथेच थांबतो. ती लागली तेव्हा एक तर तू आत आणि मी बाहेर असायचे, नाहीतर तो एक दिवस, जेव्हा आपण दोघी आत होतो. आता मी आत लावून घेतली, तर तू बाहेर राहशील. म्हणून दार नुसतं लोटलेलं आहे.