ग्रंथालयाच्या पायरीवरचं वाक्य

रविवार, ४ फेब्रुवारी

आज नको तिथे गेले आणि नको ते ऐकून आले.

गुडघा बरा झाल्यापासून यांच्या मागे लागले होते — तुमच्या रविवारच्या फेरीला मलाही न्या. कुठला लेखक कुठे राहिला, कुठे कुणाशी भांडला, कोणत्या खिडकीत बसून लिहायचा, हे सगळं हे लोकांना चालत चालत दाखवतात. अख्ख्या शहराला ते पाठ, आणि घरची मीच कोरी! "तुला चढ झेपायचा नाही" हे यांचं पालुपद. आज ऐकलंच नाही. टोपी घातली आणि घोळक्यात मागे उभी राहिले.

सुरुवात छान झाली. जुना छापखाना, बंद पडलेल्या मासिकाची कचेरी, एका नाटककाराची गच्ची. यांचा आवाज काय लागतो! घरात "मीठ दे" सुद्धा धड ऐकू येत नाही. मी आपली कौतुकानं बघत होते.

मग चढ, आणि वर जुन्या ग्रंथालयाच्या पायऱ्या. लोक टेकले. हे सांगू लागले — इथल्या एका थोर कवीचं पहिलं मूल मागच्या इस्पितळात जन्मतःच गेलं. बायको बाहेर आली ती याच पायरीवर बसली. मांडीवर झबल्यांची पिशवी. म्हणाली, "ही घरी नेली तर उघडावी लागेल."

माझं वाक्य! माझी पिशवी. माझी मुलगी.

एका बाईनं डोळे पुसले. एकानं पायरीचा फोटो काढला. मी घरी कशी आले ते आठवत नाही.

सोमवार, ५ फेब्रुवारी

विचारलं. आधी "अगं, काहीतरीच काय!" मग "कवीच्या बायकोच्या बाबतीत असं झालं नसेल कशावरून?" मग एकदाचं खरं बाहेर आलं. चढावर लोक कंटाळतात, निम्मे तिथूनच परत फिरायचे. तिथे काहीतरी धरून ठेवणारं लागतं. एकदा तोंडातून निघून गेलं, लोक हलले, मग ते तिथेच बसलं.

"माझं होतं ते!"

"तुझं नाव कुठे घेतो मी?"

तेच तर म्हणतेय मी, शहाण्या माणसा! यांनी छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या मजकुरातला स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आणि घरच्या माणसाचं अख्खं दुःख उचलून दुसरीच्या नावावर!

बुधवार, ७ फेब्रुवारी

धाकट्या बहिणीला फोन केला. मन मोकळं करायला दुसरं आहे कोण? सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "ताई, मला माहीत होतं गं. मागे मी आले होते ना फेरीला. तुला कुठल्या तोंडानं सांगणार?"

म्हणजे हिनंही ऐकलं, डोळे पुसले आणि घरी जाऊन जेवली. फोन ठेवून दिला. नीट निरोपही घेतला नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आता कळस! शहराच्या वारसा कचेरीतल्या बाई त्या पायरीवर पितळी फलक बसवणार आहेत. वाक्य तेच, खाली नाव कवीच्या बायकोचं. रविवारी जागा नक्की करायला येतायत.

"त्यांना खरं सांगा," म्हटलं.

"मग माझ्या एकातरी गोष्टीवर कोण विश्वास ठेवील? फेरीच बंद पडेल."

"आणि मी?"

हे चष्मा पुसत बसले.

शनिवार, १० फेब्रुवारी

रविवारी एक गोष्ट लिहिली नाही. लिहवेना.

यांच्या गोष्टीत पुढे कवी बायकोच्या शेजारी बसतो. पिशवी आपल्या मांडीवर घेतो. म्हणतो, "मग आज घरी जायलाच नको." आणि दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहतात.

खरं काय झालं? हे म्हणाले, "मी गाडी बघतो." आणि गेले. किती तरी वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा मी आपली आपण उभी राहिले. पिशवी मीच उचलली, घरी मीच उघडली. त्यानंतर मुलीबद्दल या माणसानं एक अक्षर काढलेलं नाही. मी विषय काढला की वर्तमानपत्र वर.

वाक्य चोरलं ते एक वेळ गिळीन. पण जे यांनी मला म्हणायला हवं होतं, ते दर रविवारी परक्यांना ऐकवतात. म्हणजे काय बोलायचं ते माहीत होतं यांना! मी मेली उगाच समजत होते, बिचाऱ्यांना सुचलं नसेल.

फार राग आलाय. उद्या जाणार.

रविवार, ११ फेब्रुवारी

गेले. कचेरीतल्या बाई टेप घेऊन पायरी मोजत होत्या. हे "कवी तिच्या शेजारी बसला" इथवर आले, आणि मी मागून मोठ्यानं म्हटलं, "नाही बसला!"

सगळ्यांच्या माना वळल्या. हे माझ्याकडे बघत राहिले. मग बाईंना म्हणाले, "फलक नको. कवीचा याच्याशी काही संबंध नाही. ही माझी बायको. हीच बसली होती इथे. मी गाडी बघायला गेलो."  आवाज अगदी घरातला झाला. "गाडी लगेच मिळाली होती. मी त्या कोपऱ्यावर उभा राहून हिच्याकडे बघत होतो. पाय उचलेना."

मला हे आज कळलं. परक्या लोकांबरोबर.