जप्त केलेली बाटली इतक्यात परत न मिळण्याबाबत

प्रति,
मा. दारूबंदी निरीक्षक,
वाघझरी विभाग, जि. यवतमाळ.

विषय : मुद्देमालातील बाटली अर्जदारास तूर्त परत न करणेबाबत व हलवू न देणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस दि. ३-२-१९६७.

महोदय,

१. अर्जदार येथील हायस्कुलात विज्ञान शिकवतो व घरी, पारा आणि गंधकयुक्त सेंद्रिय पदार्थ यांच्या संयुगाचे स्फटिक वाढवतो. 'वाढवतो' हे सवयीने लिहिले. दोन वर्षांत भुकटीखेरीज काही वाढलेले नाही. एक स्फटिक खसखशीएवढा झाला तरी नागपूरचे प्राध्यापक क्ष-किरणांनी त्यातील अणूंची रचना तपासतील व अर्जदाराच्या प्रबंधात प्रथमच काही लिहिण्याजोगे येईल.

२. गेल्या महिन्यात वासावरून धाड पडली व बेंझिनात विरघळवलेल्या या संयुगाची बाटली गावठी दारू म्हणून जप्त झाली. अर्जदाराच्या मातोश्री कांताबाई यांनी शिपायांना सांगितले, "दोन सालं झाले, याच्यानं त्या शिशीत काहीच होऊन नाही राह्यलं. दारू कायची होते?" हे पंचनाम्यात आले नाही, याबद्दल अर्जदार आभारी आहे.

३. पंचनामा अंगणात, उन्हात झाला. त्यात द्रव निळा लिहिला आहे. मालखान्यात तो नारिंगी निघाला, म्हणून जमादार धावजी राठोड यांच्यावर माल बदलल्याचा ठपका आला. हे संयुग उन्हात निळे होते व अंधारात थोड्याच वेळात पुन्हा नारिंगी. असे का, हे अर्जदारास नीट सांगता येत नाही. येत असते तर तो स्फटिकामागे लागला नसता. धावजी म्हणतात, "गुरुजी, मी त्याले हातबी नाही लावला." ते खरे आहे, आणि अर्जदाराला घरी नेमके हेच कधी जमले नाही.

४. जबाबासाठी आला असता अर्जदारास मालखान्यात बाटली दिसली. तळाशी लालसर, सरळ कडांचे स्फटिक, खसखशीच्या निम्मे. अर्जदाराला तेथेच भरून आले. शिपायाने ती कबुली समजून टिपून घेतली. घरी शेजारच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचे हादरे आहेत, शिवाय अर्जदार स्वतः रोज बाटली उचलून पाहतो. आपल्याकडे अंधार आहे, गारवा आहे आणि लाखेची मोहोर जरा कच्ची बसल्याने द्रव अगदी बेताने उडतो; अशाने होळीपर्यंत स्फटिक खसखशीएवढे होतील.

५. तरी आपल्या नोटिशीतील, येत्या सोमवारी बाटली उन्हात नेऊन हलवून पाहण्याचा हुकूम मागे घ्यावा. रंगाच्या खात्रीसाठी त्याच द्रवाची दुसरी बाटली सोबत दिली आहे. ती पाहून धावजींना मोकळे करावे. अर्जदाराला मोकळे करण्याची घाई नाही. चौकशी मिटेपर्यंत शाळा त्याला नोकरीत कायम करणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. मातोश्रींना अजून सांगितलेले नाही.

६. अर्जदारास दोषी ठरवण्यासही हरकत नाही. परंतु दोष सिद्ध होताच मुद्देमाल ओतून टाकतात, असे कळते. म्हणून निकाल कृपया होळीनंतर द्यावा.

आपला नम्र व तूर्त संशयित,
धर्मपाल उकंडाजी मुनेश्वर
वाघझरी, दि. ८-२-१९६७

सोबत : लहान बाटली एक, काळ्या कापडात. अंगणात उघडावी. वास घेऊ नये.