आधी मी, मग तुम्ही

७ जानेवारी
पोहोचले. निर्वासितांची छावणी म्हणजे रडारड असेल अशी मनाची तयारी करून आले होते; पण इथे नळावर बायका कडाकडा भांडत होत्या. बरं वाटलं. नळ कुठल्याही मुलखात नळच. पत्र्याच्या खोल्या, मधून रुंद रस्ता. मला खाट, टेबल, खुर्ची आणि दार नीट लागत नसल्यामुळे फुकटची हवा मिळाली आहे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन भाजी निवडत बसण्यापेक्षा हे बरं. लेकीला ते पटलेलं नाही. तिला सातवा लागलाय. निघताना जावयासमोर म्हणाली, आई, तुला साऱ्या जगाची लेकरं दिसतात, माझंच तेवढं दिसत नाही. बाळंतपणाआधी परत येईन असा शब्द दिला आहे. मी शब्द मोडत नाही.

१० जानेवारी
विद्यार्थी सगळे मोठे बाप्ये आणि बाया. त्यांना इंग्रजी हवंय ते मुलाखतीसाठी. साहेबासमोर बसून आपल्यावर काय गुदरलं ते सांगायचं. ते साहेबाला पटलं तर दुसऱ्या देशात घर मिळतं. साहेब दुभाष्याचं ऐकतात, पण स्वतः बोलणाऱ्याचं जास्त ऐकतात. माझी पद्धत जुनीच: आधी मी, मग तुम्ही. दुभाषी मला एकेकाची हकीकत सांगतो, मी तिची ‘मी’ने सुरू होणारी इंग्रजी वाक्यं करते, मोठ्याने म्हणते, मग ते म्हणतात. घोकंपट्टीला हल्ली नावं ठेवतात. ठेवोत.
दुभाषी पूर्वी टपालखात्यात होता, गंभीर माणूस आहे. घुटमळत म्हणाला, बाई, आमच्यात दुसऱ्याचं दुःख ‘मी’ म्हणून बोलत नाहीत. बोलणाऱ्याला चिकटतं ते. मी म्हटलं, गोचीड आहे का चिकटायला? कुणी हसलं नाही.

१९ जानेवारी
आज न्हावी. त्याचं दुकान पेटवलं, भाऊ आत राहिला. भावाच्या वाक्यापाशी गाडी अडायची, म्हणून तेच पुन्हा पुन्हा घेतलं. माझं दुकान पेटवलं. मी भावाला हाका मारल्या. त्याने दोनदा ओ दिली. शेवटी न्हावी गप्प झाला आणि मीच एकटी म्हणत राहिले. दुपारी तो कुणाची तरी दाढी करताना चक्क शीळ घालत होता.
माझ्या हातांना रॉकेलचा वास येतोय. साबणाने जात नाही.

२८ जानेवारी
न्हाव्याची मुलाखत फसली. साहेबांनी भावाचं विचारलं तर हा म्हणे, कुठला भाऊ? मी एकुलता एक. चांगला फैलावर घेतला त्याला. तो हसला आणि म्हणाला, बाई, केस फुकट काळे करून देतो, पण रागावू नका. त्याची बायको मात्र माझे हात धरून म्हणाली, घर गेलं तर गेलं, माझा माणूस मला परत मिळाला.
तेव्हापासून वर्गात बसायला जागा नाही. मागून म्हणणारं कुणी नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात.
मला भाऊ नाही. तरी काल त्याचं हसणं आठवलं. पुढचा दात अर्धा होता.

११ फेब्रुवारी
रोज दोघातिघांची हकीकत घेते. नको म्हणता येईल, पण ही माणसं आता झोपतात, जेवतात. एकीने तर काल नळावर भांडण उकरून काढलं.
लेकीचा फोन. माझ्या खोलीत पाळणा ठेवायचाय, रंग कोणता देऊ, म्हणाली. मला ती खोली आठवेना. नदीकाठचं एक घर आठवलं, ते आमचं नव्हे. हिरवा दे म्हटलं. ती मग म्हणाली, आई, हिरव्या भिंतीला तू दवाखाना म्हणतेस ना?
दुभाषी म्हणतो, बाई, तुमचं थोडं तरी उरलंय तोवर निघा. तिकीट काढलं.

२ मार्च
गाडीची वेळ झाली आणि शिंपीण आली. ही वर्गात रोज मागे बसायची, तोंडातून शब्द नाही. दुभाषी म्हणाला, हिचं नको, बाई. तुमच्या लेकीचे दिवस भरत आलेत. मी म्हटलं, समोर बसलेलीला सोडून उठायची मला सवय नाही. तो भिंतीकडे तोंड करून सांगू लागला.
तळघरात सगळे लपलेले. डोक्यावर शिपायांचे बूट. तान्ही रडायला लागली. सगळ्यांनी हिच्याकडे बघितलं. हिने शाल घेतली.
बूट निघून गेले. बाकी सगळे वाचले.
वाक्यं सोपी होती. मी सगळी म्हटली. गाडी गेली.

२० मार्च
शिंपीण कपडे वाळत घालताना गाते.
मला बरं आहे. दुखत नाही, खुपत नाही. फोन वाजतो. कुणी बाई असते. आई, मला मुलगी झाली, म्हणते. अभिनंदन केलं. रडायला लागली. लोक फार रडतात.

१८ एप्रिल
तीच बाई आली आहे, नवऱ्याला आणि तान्हीला घेऊन. मला न्यायला. जरा दरडावून बोलते, पण मनाने चांगली असावी. दुभाषी तिला हात जोडून म्हणाला, ताई, लेकरू यांच्याजवळ ठेवू नका. ती खेकसली, आजीजवळ नाही ठेवायचं तर काय तुमच्याजवळ ठेवू? माझ्या सुटकेचा कागद आणायला दोघं कचेरीत गेलीत. दुभाषी समजावत त्यांच्या मागे.
तान्ही मांडीवर आहे. ऊबदार. एका हाताने लिहिते आहे—
पहारेकऱ्यांची पाळी बदलते आहे. रस्त्यावर बूट. पुष्कळ—
ती जागी झाली.
नको ना, आत्ता नको—
खोलीत कुणी नाही. तरी सगळे माझ्याकडेच बघताहेत—
बूट दाराशी—
हो, हो, बाळा. थोडाच वेळ. ते गेले की लगेच मी—