उंबरठ्यावरची खाच

हिंगोली, शके १८६५

ज्येष्ठ वद्य ४
गोदाचा ताप उतरून दोन महिने झाले. पायांत जीव नाही तो नाहीच. दोन्ही हातांवर रेटा देऊन बसते, तेवढंच. स्वयंपाक माझा. आजची आमटी बायकोनं मुकाट्यानं खाल्ली, यावरून ती किती आजारी आहे ते कळावं.
म्हणाली, "दिवसातनं दहादा तुम्हाला हाक मारायची, याचंच जास्त दुखतं. एकदा माझी मी चुलीपाशी जाऊन बसले ना, तर बरं वाटेल."

ज्येष्ठ वद्य ९
ठरलं. बसकी गाडी करायची. फळी, मागे टेकू, खाली तीन चाकं. घरात शहाबादी फरशी आहे, हातानं ढकलत जाईल. चाकं मनूच्या पांगुळगाड्याची. मनू सासरी वसमतला, गाडा अजून माळ्यावर. गावातले दोन्ही सुतार लढाईच्या कंत्राटावर गेलेले. म्हणजे मीच. कचेरीत वीस वर्षं टाक धरलेला हात.

आषाढ शुद्ध २
बाजारातून करवत, रंधा, पटाशी आणली. लढाईमुळे लोखंडाला सोन्याचा भाव, म्हणून त्यातल्या त्यात स्वस्त. दुकानदार म्हणाला, "असली विलायती है, बराबर चलेगा."

आषाढ शुद्ध ३
पटाशीचा तुकडा पडला. रंध्याचं पातं बाभळीच्या गाठीवर वाकलं. करवत कशीबशी. गोदा माजघरातून सगळं ऐकत होती. म्हणाली, आमटीपेक्षा बरं चाललंय.
हसलो दोघं. मग मी परसात जाऊन उभा राहिलो बराच वेळ.

आषाढ वद्य ६
कचेरीतल्या शिपायानं पत्ता दिला. पुसेगावचा एक सुतार दोन वर्षांपूर्वी वारला, हत्यारं घरात पडून आहेत. सायकलवर गेलो. नरसीला पाणी प्यायलो, तिथून पुढे रस्ता म्हणजे नुसता चिखल.
त्याची बायको सरूबाई. वयानं माझ्याएवढी असेल. हत्यारं पोत्यात तेल लावून ठेवलेली. दांडे हाताच्या घामानं काळे झालेले. विकत मागितली.
"विकायची न्हाईत बापू."
उठलो. गोदाचं सगळं सांगून बसलो होतो, त्याचीच लाज वाटली. दारापर्यंत आल्यावर मागून म्हणाली, "नेऊन वापरा. बसून राहिलं की गंजतंय. पन खंडेनवमीला माज्या पाटावर पायजेत. ह्यांच्या माघारी येक पूजा चुकली न्हाई."
भाडं घेईना. धार लावूनच परत आणायची, एवढंच सांगितलं.

श्रावण शुद्ध १०
काय करवत आहे! आपणहून चालते. हात नुसता बरोबर न्यायचा.
ज्या माणसाला कधी पाहिलं नाही त्याच्या मुठीच्या खुणेवर माझी मूठ बसते. मोठी होती त्याची.

भाद्रपद शुद्ध १२
गाडी झाली. टेकू थोडा तिरपा आहे, असू दे. गोदानं हळदकुंकू वाहिलं, बसली. भिंतीपासून देवघरापर्यंत एकटी गेली. तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग. मग स्वयंपाकघराकडे वळली आणि ठक्क करून थांबली.
उंबरठा.
सगळं मापलं होतं. उंबरठा मापलाच नाही. रोज ओलांडतो, पाहतो कुठे.

भाद्रपद शुद्ध १४
दोन्ही बाजूंनी फळ्या लावून उतार केला. चढ तिच्यानं रेटवत नाही, गाडी मागे येते. उंबरठाच कापतो म्हणालो. नको म्हणाली. लग्न होऊन आल्या दिवसापासून त्याच्यावर रांगोळी काढली, रोज पूजा केली. त्यावर करवत चालवायची नाही. मी तिला उचलून आत नेतो म्हटलं. तेही नको. "माझी मी जाईन तेव्हाच."

भाद्रपद वद्य १०
पुन्हा ताप. बारीक, पण उतरत नाही. गाडी कोपऱ्यात.

आश्विन शुद्ध ७
हत्यारं धार लावून पुसेगावला पोचवली. सरूबाईनं विचारलं, काम झालं का. झालं म्हणालो. दुसरं काय सांगणार.

आश्विन शुद्ध ८
मनू माहेरी आली. संध्याकाळी गोदा आपण होऊन म्हणाली, "कापा तो उंबरठा. देव रागावेल तर मी बघून घेईन."
नेमकं आज.
बाजारची करवत काढली. जुनं सागवान. पेराएवढी खाच पडली आणि दाते मुडपले. गोदा पाहत होती. राहू द्या म्हणाली, हाताला लागेल.

आश्विन शुद्ध ९, खंडेनवमी
आज कुणी हत्यार देत नाही, मागूही नये. पाटावर माझी दौत-लेखणी मांडली. मोडकी करवतही गोदानं ठेवायला लावली. म्हणाली, तीही हत्यारच.
उद्या पहाटे पुसेगावला जातो. मनू आहे जवळ.

आश्विन शुद्ध १०, पुसेगाव
सरूबाई म्हणते, पूजा संध्याकाळी हलवीन, मग न्या. तिचं बरोबर आहे. सोनं वाटून झाल्यावर तिनं स्वतः पोतं बांधून दिलं. अंधारात त्या रस्त्यानं सायकल चालत नाही, उजाडताच निघतो.

आश्विन शुद्ध ११
दुपारी पोचलो. दारात माणसं. करवत सायकललाच बांधलेली होती.
गोदा सकाळी गेली.

आश्विन वद्य ८
मनू सांगत होती. दसऱ्याला दुपारपासून दोनदा विचारलं, आले का. मग नाही विचारलं. एका करवतीसाठी मी शेवटचा दिवस तिच्याजवळ नव्हतो. हे लिहून ठेवतो, कारण बोलवत नाही.

कार्तिक शुद्ध ३
मनू वसमतला गेली. जाताना म्हणाली, खाचेत मेण भरा, लोक विचारतात. मेण आणलंय. पोतंही तसंच आहे. एकदा करवत काढून खाचेत ठेवली. बरोबर बसते.
काढून पुन्हा पोत्यात ठेवली.

कार्तिक शुद्ध ९
पुसेगावचा गाडीवान सरूबाईचा निरोप घेऊन आला. तिला काही कळलेलं नाही. म्हणते, घाई करू नका, हत्यारं काम उरकल्यावर आणा.
तो पाणी पिऊन ओसरीवर बसला, काय सांगू म्हणून विचारत. मी आत आलो. उंबरठ्याशी उभा आहे, हे लिहितोय. तो अजून बसलेलाच आहे.