गेलं नव्हतं ते फोल्डर

देगलूर
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय शंकरप्पा,

नमस्कार. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. रेणुकाचा गुडघा थंडीनं दुखतो, बाकी काही नाही. मुरुडला थंडी कशी आहे? वहिनींना आमचा नमस्कार सांग. तीळगूळ पाठवणार होतो, पण कोणत्या तोंडानं पाठवावा ते कळेना.

सात-आठ वेळा फोन केला. तू उचलत नाहीस. तुझं बरोबरच आहे. म्हणून हे पत्र. काय आधी लिहावं आणि काय मागून, डोक्यात सगळा गोंधळ आहे.

आपला शब्दकोश सापडला.

ज्ञानेश्वरी संक्रांतीला नांदेडहून आली होती. कॉलेजातल्या मैत्रिणीला दाखवायला तिनं तो मागितला. मी म्हणालो, "गेला तो. मार्चमध्येच गेला." तिनं माझा लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत म्हणाली, "बाबा, काही गेलेलं न्हाई. अपडेट झालं तेव्हा क्लाऊडच्या फोल्डरची जागा बदलली. तुम्ही जुन्याच जागी बघून राहिलात. तिथं नुसतं रिकामं नाव उरलंय."

मला अजून नीट समजलेलं नाही. घरातलीच वस्तू हे यंत्र आपल्या मनानं दुसरीकडं ठेवतं, आणि ठेवताना सांगत का नाही? तिनं दोनदा समजावलं, मी दोनदा मान हलवली. पण शब्द सगळे होते. एक हजार चारशे बारा. पहिलीतल्या त्या पोरीचा 'कोळी'सुद्धा. ती म्हणाली होती, "आमच्या घरची कोळी रोज अंडी देती," आणि मी फळ्यावर जाळ्यासकट कोळी काढून तिला समजावत बसलो. तू मागून हसत म्हणालास, "सर, कानडीत कोळी म्हंजे कोंबडी!" त्याच दुपारच्या सुट्टीत आपण पहिले वीस शब्द लिहिले. मराठी, कानडी, तेलुगू, असे तीन रकाने. मग नऊ वर्षं दोघांच्या त्या फोल्डरात लिहीत राहिलो.

आता मार्चचं. शिक्षण परिषदेत तीस शिक्षकांसमोर मी म्हणालो, की शंकरप्पानं सगळं फोल्डर उडवलं. तू मोबाइल वर धरलास. "शेषेराव, माझ्याकडं तर दिसून राहिलंय की सगळं." आणि मी म्हणालो, "दिसंलच! तूच उचलून नेलंस." केंद्रप्रमुख भगवानरावांनी तुझ्या मोबाइलकडं बघितलंसुद्धा नाही. जूनमध्ये तू जिल्हा सोडून गेलास.

पत्र इथंच संपवून माफी मागणार होतो. कालपासून असे दोन कागद लिहून फाडले. सगळा दोष यंत्रावर ढकलला की माझा निम्मा कमी होईल, असं वाटत होतं.

ज्ञानेश्वरीनं पहिलं पान उघडलं. तिथं माझं एकट्याचं नाव. "शंकरप्पाकाकांचं नाव कुठं गेलं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "अपडेटमध्येच गेलं असंल." तिनं कुठंसं दाबलं, तर कुणी कधी काय बदललं याची यादीच निघाली. चार मार्च. शेषेराव. एक ओळ काढली. ते वाचून ती उठली आणि स्वयंपाकघरात आईकडं गेली.

हाव, शंकरप्पा, मीच काढलं तुझं नाव. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या अर्जात एकाच नावाला जागा होती. तुला विचारायचं दोनदा मनात आलं, विचारलं नाही. तीन दिवसांनी फोल्डर रिकामं दिसलं आणि पहिलाच विचार आला, याला कळलं, यानं सूड घेतला. माझं मन मला खात नसतं तर मी धावत तुझ्याकडंच आलो असतो, "जरा बघ रे, दिसंना गेलंय."

एक गोष्ट काही केल्या उलगडत नाही. तुझ्या मोबाइलात सगळं दिसत होतं, म्हणजे पहिलं पानही दिसत होतं. तुला ठाऊक होतं. ते पान तीस जणांना दाखवलं असतंस तर मला मान वर करायला जागा राहिली नसती. का नाही दाखवलंस?

परवा शुक्रवारी शिक्षण परिषद झाली. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, फोल्डरचं आणि नावाचंही. वाटलं होतं, लोक तोंडावर चार शब्द सुनावतील. भगवानराव एवढंच म्हणाले, "आम्हाला सांगून काय? शंकरप्पा सरांना सांगितलं का?" मी खाली बसलो.

पहिल्या पानावर आता आधी तुझं नाव आहे, खाली माझं. मोबाइलात बघ. बघू नये वाटलं तर नको बघू.

सव्वीसचं झेंडावंदन झालं की त्याच्या पुढच्या रविवारी, दोन फेब्रुवारीला, मी मुरुडला येतोय. रेणुका विचारत होती, "ते घरात घेतील का?" मी म्हणालो, "ठाऊक न्हाई." तू घेतलं नाहीस तर स्टँडवर चहा पिईन आणि मिळेल त्या गाडीनं परत फिरेन. राग धरणार नाही.

शेवटी 'तुझाच' लिहायला हात धजत नाही, आणि नुसतं नाव लिहिलं तर परक्या माणसाचं पत्र वाटतं. काय लिहावं, तूच सांग.

शेषेराव