उशाखालच्या चपात्या

दसऱ्यानंतरचा शुक्रवार, संध्याकाळ

सिस्टर लोकांच्या आश्रमात प्रार्थनेची घंटा झाली. आजही आम्हा मायलेकींना कुणी बोलवायला आलं नाही. का येत नाहीत?

नवऱ्याने घराबाहेर काढलं तेव्हा दादाने दारात घेतलं नाही, पण बजावायला मात्र विसरला नाही. "त्या सिस्टर लोकांकडे गेलीस तर आधी तुझं कुंकू पुसतील, मग पोरीचं नाव बदलतील." कुंकू अजून कपाळावर आहे. पोरीला सगळे सुमीच म्हणतात. मग यांना हवंय तरी काय?

प्रार्थनेला न जाणाऱ्यांचं जेवण कधीतरी बंद होणार, असं धरून मी ताटातली एक चपाती सुमीसाठी उशाखाली ठेवते. आज चादरी बदलताना मोठ्या सिस्टरनी साठलेल्या चपात्या पाहिल्या. झालं, आता जायला सांगणार. त्या गेल्या आणि झाकणाचा डबा घेऊन आल्या. "नोडम्मा," म्हणजे त्यांच्या कानडीत 'बघ गं', "उशाखाली मुंग्या येतील. यात ठेव." चपात्या का लपवल्या, हे विचारलंच नाही. तेच खुपतंय. न विचारता कोण देतं?

त्या गेल्यावर मी डबा उघडून हुंगला. आत जुन्या चपात्यांचा वास आहे. माझ्या आधीच्या कुणाच्या तरी.